सोळा पायऱ्यांचा कातळ

पोर्ट लुई बंदरातल्या आप्रवासी घाटाला सोळा पायऱ्या आहेत, काळ्या दगडाच्या. पहिल्या पायरीशी उभा राहिलो तेव्हा आधी दगडाकडेच लक्ष गेलं. रायगड चढताना पायाखाली येतो तसाच कातळ होता तो.

हे नातं मनाचं नाही, भूगर्भातलं आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या भट्टीतून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळून दख्खनचं पठार घडलं, तिच्यातूनच 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्राबाहेर आलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारताची भूमी तोवर उत्तरेला निघून गेली होती. शेजारच्या रियुनियन बेटावर ती भट्टी आजही धगधगते आहे.

मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं. भोवती प्रवाळाचं कडं असल्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी मात्र हे कडं तुटतं आणि लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. पर्यटकांना पांढरी वाळू दाखवतात. मला बेटाचा खरा चेहरा इथे दिसला.

1598 मध्ये डच उतरले तेव्हा इथे मनुष्यवस्ती नव्हती. त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचं नाव बेटाला दिलं, एबनीची झाडं तोडली, ऊस आणला. सतरावं शतक संपेपर्यंत डोडो संपला होता. मग फ्रेंच, आणि 1810 पासून इंग्रज. आज मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

त्यातलं थोडंसं इल-ओ-एग्रेत या 26 हेक्टरच्या बेटावर पाहायला मिळालं. मॉरिशसची स्वतःची राक्षसी कासवं माणसांनी केव्हाच खाऊन संपवली. एबनीची फळं गिळून बिया दूरवर टाकायचं काम तीच करत; म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्रा जातीची कासवं इथे सोडली आहेत. पायवाटेवर असंच एक अवाढव्य कासव पाला चघळत बसलं होतं. दुसऱ्याच्या कामावर रुजू झालेलं हे जनावर बघून मला गलबलून आलं. पक्ष्यांवरही तीच वेळ आली होती: 1974 मध्ये रानात अवघे चार मॉरिशस केस्ट्रेल पक्षी उरल्याची नोंद आहे. जतनाच्या कामामुळे ती जात वाचली.

माणसांची कहाणी पायऱ्यांशीच परत येते. 1835 मध्ये गुलामी कायद्याने बंद होणार होती, पण उसाच्या फडांना हात हवेच होते. 1834 च्या नोव्हेंबरात ‘अॅटलस’ जहाजाने 36 मजूर आले, आणि पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, या बेटावर उतरले; त्यांतले अनेक याच पायऱ्या चढून. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी लोकही होते.

फडांमधून आजही काळ्या दगडांचे मनोऱ्यांसारखे ढीग दिसतात. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. मला या देशातली सगळ्यात मोठी स्मारकं हीच वाटली. त्यांच्यावर कुणाचं नाव नाही.

त्या मजुरांची पणतवंडं आज क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात. कोकणातली जाखडी इथे झाकरी म्हणून नाचली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.

मॉरिशसला जाल तर अर्धा दिवस आप्रवासी घाटासाठी राखून ठेवा. आणि परतताना एखाद्या फडाशी गाडी थांबवून त्या ढिगातल्या दगडावर हात ठेवून पाहा.