घरातला पत्ता

आषाढातल्या एका संध्याकाळी नागपूरहून माझ्या आतेबंधूंचा फोन आला, आणि त्यांनी जे दोन वाक्यांत सांगितले ते, संगणकांच्या देखभालीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला अर्ध्या निदानाइतके मोलाचे वाटावे असे होते. "अरे, नाव घेतो, पासवर्ड घेतो, आत आलात म्हणूनही सांगतो," दादा म्हणाले, "पण फोल्डर उघडायला गेलो की नुसता थांबून राहतो, आणि मिनिटभराने हात टेकतो."

दादांना हव्या होत्या त्या त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, जात्यावरच्या ओव्या. 1984 साली माणदेशातल्या घरी माझ्या वडिलांनी पहाटे उठून त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, आणि त्या नऊ कॅसेटी गेल्या उन्हाळ्यात मी एकेक करून संगणकात उतरवल्या. आत्याच्या आवाजातला एक कणही गाळायचा नाही असा माझा हट्ट असल्यामुळे अर्ध्या तासाची एक बाजू सुमारे 300 एमबीची झाली. ईमेलला हे ओझे पेलवणारे नव्हते, आणि घरातला आवाज परक्याच्या कोठारात ठेवण्यास मन धजेना; म्हणून फडताळात बसवलेल्या जुन्या संगणकावर, जो आमच्या घराचा सर्व्हर आहे, मी व्हीएसएफटीपीडी ही सेवा चालू केली आणि दादांच्या नावे परवानगीची नोंद केली.

ही सेवा ज्या एफटीपी नावाच्या रीतीने फाईली पोचवते, त्या व्यवहाराची रीत आजच्या माणसाला किंचित विलक्षण वाटेल. अलाहाबादेत जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून अमेरिकेत एमआयटीत गेलेले अभय भूषण यांनी तिचा पहिला मसुदा 16 एप्रिल 1971 रोजी प्रसृत केला, आणि आज आपण वापरतो ते रूप 1985 च्या ऑक्टोबरात ठरले. या व्यवहारात दोन वाटा असतात. एकीवरून, म्हणजे 21 क्रमांकाच्या पोर्टावरून, केवळ हुकूम आणि त्यांची उत्तरे जातात-येतात. प्रत्यक्ष माल, मग ती फाईल असो वा फोल्डरातली साधी यादी असो, दर खेपेस नव्याने उघडलेल्या दुसऱ्या वाटेने जातो. कचेरीत अर्ज एका खिडकीवर द्यावा आणि नक्कल दुसऱ्या खिडकीवर घ्यावी, तसाच हा प्रकार. आता दादांच्या वाक्यांचा अर्थ उघड होतो: पहिली खिडकी त्यांना ठाऊक होती, दुसरी सापडत नव्हती.

हे ध्यानात येऊनही माझे दोन तास वाया गेले, कारण मी स्वतःच्या पडताळणीवर प्रमाणाबाहेर विसंबलो. मोबाईलच्या इंटरनेटवरून, म्हणजे घराबाहेरच्या वाटेने, माझ्या लॅपटॉपवरच्या फाईलझिला या आज्ञावलीने मी जोडणी केली, तो यादी तत्काळ हजर. राऊटरवर 21 क्रमांक आणि 50000 ते 50100 ही पोर्टांची मालिका सर्व्हरकडे वळवलेली होती, तीही यथास्थित. तेव्हा दोष नागपूरच्या बाजूस असला पाहिजे असा निष्कर्ष काढून मी दादांकडून त्यांच्या संगणकाची फायरवॉल बंद करवली आणि राऊटर दोनदा चालू-बंद करवला. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या गृहस्थांनी हे सारे निमूटपणे केले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

अखेर दादांच्या पडद्यावर उमटणारे शब्द मी त्यांना अक्षरशः वाचून दाखवायला सांगितले. शेवटची ओळ 227 या आकड्याने सुरू होत होती, आणि कंसात सहा आकडे होते: 192, 168, 1, 10, 195, 112. हे सहा आकडे म्हणजेच दुसऱ्या खिडकीचा पत्ता. पहिले चार यंत्राचा पत्ता सांगतात. पाचव्याला 256 ने गुणून त्यात सहावा मिळवला की पोर्टाचा क्रमांक निघतो. 195 गुणिले 256 म्हणजे 49920, अधिक 112 म्हणजे 50032. क्रमांक बरोबर होता, मालिकेतला होता. चुकला होता तो पत्ता. 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 साली खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवण्यात आले. ते घरोघर तेच असतात आणि उंबऱ्याबाहेर त्यांना काही अर्थ नसतो. माझा सर्व्हर नागपूरच्या पाहुण्यास प्रामाणिकपणे सांगत होता, "माजघरात या," आणि दादांचा संगणक तितक्याच प्रामाणिकपणे स्वतःच्या माजघरात शोधत होता. ज्या काळी ही रीत घडली त्या काळी जाळ्यावरचे प्रत्येक यंत्र दुसऱ्यास स्वतःच्या खऱ्या पत्त्याने हाक मारू शकत असे. सगळ्या घराने एकाच बाह्य पत्त्याआड राहण्याची पद्धत पुढे आली.

मग माझ्याकडे यादी कशी दिसली? मी फाईलझिलाची नोंद पुन्हा उघडली. सर्व्हरने दिलेल्या पत्त्यावर बाहेरून पोचता येत नाही, सबब मूळ जोडणीचाच पत्ता वापरीत आहे, अशा अर्थाची ओळ तिथे स्वच्छ लिहिलेली होती. त्या आज्ञावलीने माझी चूक परस्पर सावरली होती आणि तसा दाखलाही ठेवला होता. दादांची जुनी आज्ञावली दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारी होती. काम झाले की नोंदी वाचायच्या नाहीत ही सवय या धंद्यात फार खोल मुरलेली असते. मी तेव्हापासून यशस्वी जोडणीची नोंदही शेवटपर्यंत वाचतो.

दुरुस्ती दोन ओळींची होती. बाहेरच्यांना कोणता पत्ता सांगावा हे पीएएसव्ही_ॲड्रेस या कलमात लिहायचे. आणि आमचा बाह्य पत्ता इंटरनेट कंपनीच्या मर्जीने बदलत असल्याने तिथे आकड्यांऐवजी नाव घालून, नावावरून पत्ता शोधण्याची मुभा दुसऱ्या कलमाने द्यायची. यातही एक खोच निघाली. ही सेवा नावावरून पत्ता शोधते तो केवळ सुरू होताना. चौथ्या रात्री पावसात वीज गेली, राऊटर बंद पडून नव्या पत्त्यासह उठला, सर्व्हर मात्र बॅटरीवर जागाच होता आणि सकाळपर्यंत जुनाच पत्ता वाटत राहिला. सेवा पुन्हा सुरू केली, आणि अर्धवट राहिलेली कॅसेट तुटली होती तिथून पुढे उतरू लागली.

सगळ्या कॅसेटी पोचल्यावर मी ही सेवा बंद केली. एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, वाटेत कान लावून बसणाऱ्यास तो सहज वाचता येतो, आणि दादांचे नाव त्या वाटेवर रोज हिंडू देणे मला प्रशस्त वाटले नाही. विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेल्यावर फिनलंडच्या तातु युलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच ही पद्धत रचली. तिच्या आधाराने चालणारी एसएफटीपी सारा व्यवहार 22 क्रमांकाच्या एकाच पोर्टावरून, झाकून करते. आता आमच्या घरी तीच आहे, आणि दुसऱ्या खिडकीचा प्रश्न उरलेला नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळी, दुरुस्ती करून मी सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा, लॉगमध्ये दादांचे नाव उमटलेले मी पाहिले, मग यादी मागितल्याची ओळ, मग पहिल्या कॅसेटीची मागणी. आणि बऱ्याच वेळाने ती फाईल पूर्ण गेल्याची नोंद. फोन चालूच होता. पलीकडे काही खुडबुड झाली, मग जात्याची घरघर ऐकू आली, एकटीच, बराच वेळ. आत्या दळण घालायला थांबली असावी. घरघर मंदावली, बांगड्या वाजल्या, आणि तिने गायला आरंभ केला.

"थांब," दादा म्हणाले, "फोन ठेवू नकोस."