डबा कुठल्या पत्त्यावर घालायचा?

माझी आत्या पंच्याऐंशी वर्षांची आहे. शहापुरातल्या घरातून दर दिवाळीला ती अमेरिकेतल्या मुलाला, म्हणजे माझ्या दादाला, फराळाचा डबा पोस्टानं पाठवायची. पण २०२२ पासून दादाचं एकच उत्तर, "पाठवू नको, आम्ही फिरतीवर असतो." २०२४ च्या जानेवारीत एका भाचीच्या लग्नासाठी मी लॉस एंजलिसला निघाले, तेव्हा आत्यानं हात धरला. "त्याचं घर डोळ्यांनी बघून ये गं. काय तरी लपवुलालाय तो."

लग्न आटोपल्यावर नातेवाइकांनी मला चार तासांच्या मोटारप्रवासानं ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावी पोचवलं. गावाची कायमची वस्ती जेमतेम अडीच हजार. हिवाळ्यात मात्र भोवतालच्या वाळवंटात चाकावरच्या घरांची दुसरी वस्ती उठते. तिथं या घराला 'आर. व्ही.' म्हणतात. त्यातल्याच एका गाडीच्या पायरीवर दादा उभा होता. गाडी अठ्ठावीस फूट लांब, साडेआठ फूट रुंद. आमच्या कॉलेजची स्टाफरूम याहून मोठी आहे. जेवायचं टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की माझा पलंग तयार!

पहिल्याच सकाळी नळ सोडून मी दात घासू लागले, तर वहिनी धावत आली, "साकु, साकु!" वहिनीचं माहेर धारवाडचं. घाईत तिच्या तोंडून कन्नडच येतं. टाकीत पाणी दीडशे लिटर, आणि ते दोघांना सहा दिवस पुरवायचं. अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग पुन्हा नळ सोडायचा. खरकटी भांडी आधी कागदानं पुसायची, मगच धुवायची. मला आमचं लहानपण आठवलं. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येई आणि घरातली कळशीसुद्धा रिकामी राहत नसे. दादा हसून म्हणाला, "ही परीक्षा मी बेळगावातच पास झालोय."

वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांची. त्यामुळे चटणी वाटायची ती भर दुपारी, ऊन कडक असताना. रात्री वाळवंट गारठतं, तेव्हा गॅसवरची शेगडी घर ऊबदार ठेवते. गाडी उभी करताना दादा गवंड्यासारखी पाणसळ लावून चाकांखाली फळ्या सरकवतो. गाडी कलती राहिली तर त्यांचा गॅसवर चालणारा फ्रिज नीट गार होत नाही आणि डोशाचं पीठ तव्यावर एका बाजूला पळतं. निघायच्या दिवशी प्रत्येक कपाटाला खिट्टी. देव मऊ कापडात गुंडाळून डब्यात आणि तुळशीची कुंडी भांडी धुवायच्या बेसिनमध्ये!

सहाव्या दिवशी मैल्याची टाकी रिकामी करायची होती. दादानं रबरी हातमोजे चढवले आणि जाड नळी जोडली. आधी संडासाची टाकी सोडायची, मग आंघोळी-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्याच पाण्यानं नळी धुऊन निघते. मी नाकाला पदर लावून उभी. जन्मभर इंजिनिअर म्हणून मान मिळवलेला माणूस शांतपणे म्हणाला, "बेळगावच्या घरातसुद्धा हे काम कुणीतरी करतंच की. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

सरकारी जमिनीवरच्या या मुक्कामाला त्या हंगामात १८० डॉलरचा परवाना होता, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. अशा खास जागा सोडल्या तर सरकारी मोकळ्या रानात फुकट राहता येतं, पण साधारणपणे चौदा दिवस. मग तळ हलवायचा. शेजारी बहुतेक निवृत्त माणसं. कुणी हौसेनं आलेले, कुणी घरभाडं झेपेना म्हणून. दादा कुठल्या गटातला, ते मला विचारवेना.

वहिनीनंच एका रात्री सांगितलं. "फिरायची हौस खरी आहे यांची. पण घर विकलं ते हौसेसाठी नाही." साठीच्या आत नोकरी गेली. सरकारी आरोग्य विमा पासष्टीला सुरू होतो. तोवर विम्याचे आणि घराचे हप्ते दोन्ही भरणं जमेना. "मागच्या वर्षी मला रात्री ताप भरला. दवाखान्यात विचारलं, राहता कुठे? म्हटलं, परवापर्यंत इथेच." हे सांगताना ती हसली, पण डोळे पुसले.

कागदोपत्री मात्र त्यांना कायमचा पत्ता आहे, दूरच्या साउथ डकोटा राज्यातला. तिथं एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली की अशा फिरत्या माणसांना वाहन परवाना मिळतो. टपाल घेऊन पुढं पाठवणारी दुकानंही तिथं आहेत. म्हणजे ज्या गावात एक रात्र झोपले, ते त्यांचं गाव!

निघताना दादा म्हणाला, "आईला काय सांगायचं, ते तू ठरव."

विमानात मी ठरवलं होतं, घर छान आहे एवढंच सांगायचं. पण आत्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्याचं कसं आहे तिथं?" आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना. टाकीपासून तुळशीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एवढंच व्हय? आणि मग डबा कुठल्या पत्त्यावर घालायचा?"

२०२४ च्या दिवाळीचा डबा तिनं साउथ डकोटाला पाठवला. तो पोचायला महिना लागला. चकल्यांचा चुरा झाला होता. दोघांनी दह्यात कालवून खाल्ला, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. हे ऐकून आत्या मला म्हणाली, "पुढच्या वर्षी चिवडाच जास्त घालूया. मोडायची भीती नाही."