दगडाची परीक्षा

कान्हे फाट्याहून निघालेला रस्ता इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुकला पोहोचतो. पावसाळा ओसरला, की नदीच्या आणि ओढ्यांच्या काठी गोट्यांच्या राशी उघड्या पडतात. कोणी काळा, कोणी तांबूस, तर कोणाच्या अंगावर पांढरे ठिपके. घरी काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या मुलाला हा मोठाच खजिना वाटतो. बाजारातून दगड विकत आणण्यापेक्षा आपल्या नदीचा दगड बरा, हा त्याचा विचार अयोग्यही नव्हे. परंतु नदीत निरुपद्रवी असलेला दगड पेटीत घातक ठरू शकतो. नदीचे पाणी वाहते असते. दगडातून जे काही विरघळते, ते पुढे निघून जाते. पेटीतले पाणी कोठे जाणार? आणि त्यातला मासा तरी कोठे जाणार?

मावळचा काळा दगड स्वभावाने भला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरून थिजले आणि त्यांतून हा बेसाल्ट घडला. कार्ले व भाजे येथील लेणी सुमारे २,००० वर्षांपूर्वी याच दगडात कोरली गेली. (तेथील दगडाला मात्र कोणी हात लावू नये, तो पेटीसाठी नाही.) बेसाल्ट पाण्यात सहजासहजी विरघळत नाही.

शंका घ्यावी ती पांढऱ्या ठिपक्यांची. लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजे साचली. दिसायला ती पुष्कळदा सारखीच पांढरी असतात, गुणाने मात्र फार वेगळी. गारगोटी निर्धोक असते. कॅल्साइट हे चुनखडीतलेच मुख्य खनिज. ते हळूहळू विरघळते, पाणी जड होते आणि अल्कधर्मीही होते. माशांच्या शरीरातून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. पाणी अल्कधर्मी झाले, की तो अधिक विषारी होतो. वरून पाणी नितळच दिसते आणि मासे मात्र मलूल होत जातात.

म्हणून डोळ्यांवर न विसंबता दगडालाच विचारावे. लोखंडी खिळ्याने पांढऱ्या भागावर ओरखडा काढावा. गारगोटीवर ओरखडा उमटत नाही, कॅल्साइटवर सहज उमटतो. निघालेल्या भुकटीवर लिंबाच्या रसाचे किंवा शिरक्याचे दोन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले, तर त्यात चुन्याचा अंश आहे असे समजावे. ही आम्ले सौम्य असल्याने बुडबुडे फार थोडे येतात. भिंग जवळ असल्यास उत्तम.

बुडबुडे दिसले नाहीत, तरी घाई करू नये. दोन बादल्यांत एकाच विहिरीचे पाणी भरावे, एकीत घासून धुतलेला दगड ठेवावा आणि दुसरी तशीच झाकून ठेवावी. पंधरा दिवसांनी दोन सारख्या बाटल्यांत दोन्हींचे सारखेच पाणी घेऊन, प्रत्येकीत कपडे धुण्याच्या साध्या साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवावे. दगडाच्या पाण्याला फेस कमी आला, तर ते जड झाले हे उघड आहे. धुण्याची पावडर येथे उपयोगाची नाही. तिला जड पाण्यातही फेस येतो. दुसरी बादली कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण तिच्यावाचून तुलना तरी कशाशी करणार?

गंजाचे डाग किंवा धातूची चकाकी असलेला दगड घेऊ नये. औषध फवारलेल्या भातखाचरातला अथवा तेल सांडलेल्या रस्त्याकडचा दगडही नको. त्यांचे दोष लिंबाला कळत नाहीत. दगड स्वच्छ करण्यासाठी उकळण्याची युक्ती काही जण सांगतात, ती धोक्याची आहे. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपची डोळ्यात जाऊ शकते. ब्रशने घासणे पुरेसे आहे.

चुन्याचा दगड सर्वच माशांचा वैरी असतो, असे मात्र नाही. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे मासे पाळणारे लोक पेटीत चुनखडी मुद्दाम ठेवतात, कारण त्या माशांना तसेच पाणी मानवते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत सोडले जाणारे गप्पी मासेही जड पाण्यात सुखाने राहतात. पेटीत मृदू पाण्यात वाढलेले मासे असतील, तर मात्र तो ठिपक्यांचा सुंदर दगड खिडकीतच ठेवावा.