काटकसरीचें माप

धरणगांवच्या आपल्या शाळेंतील परीक्षांचे गुण संगणकावर मांडण्याचें काम आम्हीं एकदां हातीं घेतलें. पायथन भाषेची साधी यादी प्रत्येक नोंदीस आठ बाइट जागा देते. आणि त्या जागेंत आंकडा नसून त्याचा केवळ पत्ता असतो! नमपाय या जोडसाधनाची रीत निराळी. तें एकाच जातीचे आंकडे एकमेकांस अगदीं लागून ठेवितें. आपल्या खानदेशांत सुटी रुई दाबून गांठ बांधतात, तसेंच हें. तें बसविण्यास ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ एवढी एक ओळ पुरली.

गुण शंभरावर जात नाहींत, म्हणून आम्हीं प्रत्येक आंकड्यास एकच बाइट दिला. जागा अष्टमांशावर आली! त्याच आनंदांत तीन विषयांचे रकाने एकमेकांत मिळविले. तिन्ही विषयांत ९० गुण मिळविणारी एक मुलगी निकाल पाहून खालच्या मानेनें म्हणाली, “सर, मी नापास झालें का?” तिच्या नांवापुढें बेरीज होती १४!

एका बाइटांत ० ते २५५ एवढेच आंकडे मावतात. २७० मधून २५६ गळून पडले, आणि यंत्रानें चकार शब्द काढला नाहीं. आम्हीं त्या मुलीची क्षमा मागितली व प्रत्येक आंकड्यास दोन बाइट दिले. आतां ६५,५३५ पर्यंत सोय झाली, आणि तरीहि जागा यादीच्या चतुर्थांशच लागली.

काटकसर अवश्य करावी. परंतु आजच्या आंकड्याचें माप घेऊन उद्यांच्या बेरजेचा सदरा शिवूं नये.