बाक कुणाच्या खिडकीखाली?

बागेच्या बैठकीत झाडं, घसरगुंडी, चालायचा ट्रॅक यांवर तासाभरात एकमत होतं. भांडण पेटतं ते बाकांवर. बाक सगळ्यांना हवेत, फक्त आपल्या खिडकीखाली नकोत. तिथे ‘पोरंपोरी येऊन बसतात’. मग बाक सरकत सरकत पंपहाउसच्या भिंतीला जाऊन टेकतात, आणि मे महिन्यात संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. चांगलीच सोय. पण बाक मागणाऱ्या अर्जात त्याचं तोंड कुठे असावं, हे कुणी लिहीत नाही. पाठीवर कुणाच्या विकास निधीतून आला, ते मात्र ठळक. बागा आखायच्या आमच्या धंद्यातल्या काहींना तर बाकांचं सोयरसुतकच नाही. सिमेंटचा जिराफ आणि सेल्फी पॉइंट उभारला की बिल काढायला मोकळे. मीही साधा नाही. अर्धगोल, बिनपाठीचे कट्टे काढायची मला भारी हौस. नकाशात देखणे दिसतात, फोटो छान येतो. आजोबांना उठताना धरायला काही नसतं, हे ठाऊक असूनही काढत आलो.

हल्ली गुडघ्यामुळे साइटवरच्या बैठका ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीकडे दिल्यात. तिने मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून मोकळ्या प्लॉटवर नुसत्या टाकल्या आणि अंधार पडताना, जिथे राहिल्या तिथे फक्कीने खुणा केल्या. आजोबांच्या खुर्च्या फाटकाकडे तोंड करून. बायकांच्या दोन-दोन, काटकोनात. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत माणसं खुर्ची कशी सरकवतात, ते टिपून १९८० साली पुस्तक लिहिलं. ते माझ्या कपाटात आहे. व्याख्यानांत मी त्याचा हवाला रुबाबात देतो. खुर्च्या आणायचं सुचलं तिला.

एक खुर्ची मात्र नेमकी तळमजल्याच्या एका खिडकीखाली होती. बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज ज्या काकूंचा, त्यांचीच खिडकी आणि त्यांचीच खुर्ची. तिथून कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणे! म्हणजे जागा हवी, पण दुसऱ्या कुणाला मिळायला नको. हे नकाशात कसं काढायचं, ते मला आजवर जमलेलं नाही. खुर्ची रात्री घरात नेता येते, काँक्रीटचा बाक नाही.

शेवटी तिथे दोघांपुरता बाक बसवला, पाठीचा आणि हातांचा. काकू रोज बसतात. तो हलवावा असा अर्जही वॉर्ड ऑफिसात गेलाय; पहिली सही त्यांचीच आहे.