हेल्मेटातील आवाजाची कैफियत

दुचाकीवरील प्रवासाचे चित्रण करताना बोलणे स्पष्ट कसे मुद्रित करावे, याविषयी सामान्य वाचकाला उमगेल असे काही लिहावे, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा विषय किरकोळ वाटेल, असा कित्येकांचा समज झाला असेल. परंतु धावत्या वाहनावर, मोकळ्या वाऱ्यात, मानवी शब्द अविकृत टिपणे हे आमच्या व्यवसायातील अत्यंत कठीण काम आहे, आणि या पावसाळ्यात माझ्यापुढे आलेले एक प्रकरण मला अद्याप स्वस्थ बसू देत नाही.

भोरच्या एका तरुणाने आपल्या वृद्ध चुलत्यांना मागे बसवून वरंध घाटापर्यंतचा प्रवास चित्रित केला होता. निरा-देवघरच्या जलाशयाकाठून हिर्डोशीकडे जाताना पाण्याखाली गेलेल्या शिवारांची आणि पाणंदींची नावे चुलते ओळीने सांगत होते. चित्र उत्कृष्ट होते. आवाजाच्या ठिकाणी मात्र अखंड घरघर होती. "काका, एवढं साफ करून द्या," असे तो मला म्हणाला. चुलत्यांची प्रकृती आता दुचाकीवर बसण्याजोगी राहिलेली नव्हती.

आवाज मागाहून हवा तसा करून घेता येतो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि तिला कारणही आहे. आपल्याकडे कित्येक दशके चित्रपटांतील संवाद नटांकडून स्टुडिओत पुन्हा बोलवून घेत. २००१ साली 'लगान'ने संवाद चित्रीकरणस्थळीच मुद्रित करून त्या रूढीस मोठा धक्का दिला. नटाला पुन्हा उभे करता येते. रस्त्यावर सहज आठवलेले नाव पुन्हा उच्चारले जाईलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

वाऱ्याचा गोंगाट हा बव्हंशी दुरून येणारा ध्वनीच नव्हे. हेल्मेटच्या कडांवर हवेचे जे भोवरे उत्पन्न होतात, ते माइकच्या पडद्यावर प्रत्यक्ष दाब देतात, आणि तो दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ३० किलोमीटरवरून ६०वर जाताच चौपट, म्हणजे सुमारे १२ डेसिबलांनी अधिक, होतो. बोलणाऱ्याचा कंठ तेवढा चढत नाही. म्हणूनच, दुसऱ्या एका रस्त्याचे उदाहरण द्यायचे तर, चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाताना सरळ रस्त्यावर शब्द बुडतात आणि पुढे केळदच्या चढावर वेग मंदावताच तेच शब्द इंजिनाच्या आवाजासह ऐकू येऊ लागतात. मढे घाटाच्या कड्यावर मात्र कोकणातून वर चढणारा वारा उभ्या गाडीवरही मुद्रणाचा नाश करतो.

येथे मला एका जुन्या वादाचा फैसला करणे भाग आहे. डायरेक्शनल माइक फक्त समोरचे ऐकतो, म्हणून तो वारा टाळतो, असे दुकानदार सांगतात आणि तरुण मंडळी त्यावर पैसे खर्च करतात. या तरुणानेही तसाच माइक चुलत्यांच्या हेल्मेटच्या बाजूस बसविला होता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. असा माइक पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मोजतो. दूरच्या ध्वनीचा दाब दोन्हीकडे जवळजवळ सारखा असल्याने फरक अल्प राहतो. पण भोवऱ्याचा दाब दोन बाजूंना अगदी भिन्न असतो आणि तो संपूर्ण फरक गोंगाट म्हणून नोंदला जातो. शिवाय हेल्मेटात माइकचा मागचा मार्ग झाकला गेला, तर त्याची दिशाही नष्ट होते. चारी बाजूंनी ऐकणारा साधा ओम्नी माइक वाऱ्यात अधिक विश्वासू ठरतो, हे मी कितीदा सांगितले आणि कितीदा ते अविश्वासाने ऐकले गेले!

तो माइक, फोमची टोपी घालून, हनुवटीच्या कवचाच्या आतल्या बाजूस, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरांवर असावा. अगदी समोर नसावा, कारण मराठीतील ख, थ, फ, भ यांचा श्वास त्यावर आदळतो, आणि 'भोर' म्हणताच पहिले अक्षर फुटते. आपोआप कमीजास्त होणारा गेन, म्हणजे मुद्रणाची पातळी, बंद करून तो हाताने ठरवावा. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरवर भिस्त ठेवू नये. मोठा आवाज सामावण्याची रेकॉर्डरची मर्यादा त्याने वाढते, पण दाबाखाली माइकच विकृत झाला तर पुढचे यंत्र काय वाचविणार? वायर नेण्यासाठी हेल्मेटला भोक मात्र कदापि पाडू नये. आयएस ४१५१ या मानकानुसार तपासलेल्या हेल्मेटचे संरक्षण आवाजासाठी गहाण टाकता येत नाही.

त्या चित्रफितीतून थोडी नावे निघाली. उरलेल्या ठिकाणी घरघर तशीच ठेवून मी ती परत केली. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी संपूर्ण संभाषण स्वच्छ ऐकू आले असते, हे मला ठाऊक आहे. पण ती साधने हरवलेले अक्षर शोधून काढीत नाहीत, अनुमानाने रचतात, आणि बुडालेल्या शिवाराचे नाव त्यांना कोठून माहीत असणार? कसरीने खाल्लेला मोडी कागद वाचताना प्रामाणिक अभ्यासक गेलेल्या अक्षरांची जागा रिकामी सोडतो. ध्वनिमुद्रकाचे कर्तव्य याहून वेगळे नाही. माझ्या नकाराने त्या कुटुंबावर अन्याय झाला की काय, ही शंका मला छळते, तरीही माझा आग्रह कायम आहे: जेथे आवाज यंत्राने रचला असेल, तेथे तसे चित्रफितीतच नमूद व्हावे, एरवी पुढच्या पिढीपाशी खरे नाव आणि बनावट नाव यांतील भेद ओळखण्याचे कोणतेही साधन उरणार नाही.