अम्मींचं विजापूर

"तुम्हा शिक्षकांना काय, वर्षातून दोनदा मोठ्या सुट्ट्या!" असं कुणी म्हटलं की आम्ही आता उत्तर देत नाही. उन्हाळी सुट्टी जवळ येते तेव्हा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आलेले असतात, निकालपत्रकं भरायची असतात, मग मतदार याद्यांचं काम नाहीतर प्रशिक्षण. घरातलं दुसरं कमावतं माणूस एका खासगी कंपनीच्या हिशेबखात्यात. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे जेवायला फुरसत नसते, आणि हक्काची सुट्टी फक्त रविवार. दोघांच्या सुट्ट्या जुळतात त्या ईदला, आणि ईदला घर सोडून कोण जातं?

अम्मींनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. गोल घुमट बघायचा. त्यांच्या अब्बांनी तो पाहिला होता. घुमटाच्या एका टोकाला केलेली कुजबुज दुसऱ्या टोकाला कशी ऐकू येते, ते त्यांनी लहानपणी सांगितलं होतं. सोलापूरहून विजापूर सुमारे १०० किलोमीटर. "मे महिन्यात जाऊ, इन्शाअल्लाह," असं आम्ही अकरा वर्षं म्हणत राहिलो. इतका पाक शब्द आम्ही टाळाटाळीसाठी वापरत होतो, हे कबूल करायला हवं.

गेल्या डिसेंबरात धाकट्याने विचारलं, "शाळेची सहल एका दिवसात जाऊन येते, मग आपण का नाही?"

आम्ही गप्प झालो. कारण मुलांना घेऊन आम्ही स्वतः दोनदा विजापूरला जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा एका दिवसात.

त्याच रात्री कॅलेंडरवरच्या एका रविवारभोवती लाल गोल काढला. वह्या शुक्रवारपर्यंत तपासून टाकल्या. हिशेबखात्यात पंधरा दिवस आधीच सांगून ठेवलं, त्या रविवारी फोन उचलला जाणार नाही. शनिवारी रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधली. फजरची नमाज झाली आणि निघालो.

गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशाहाची कबर. १६५६ मध्ये तो वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी सगळा भार पेलतात. वर्गात आम्ही हे फळ्यावर काढून दाखवतो, पण खाली उभं राहून मान वर केली की फळा विसरायला होतं.

कुजबुजीचा सज्जा मात्र वर आहे. कोपऱ्यातल्या सातमजली मिनाराच्या अरुंद, उंच पायऱ्या चढून जावं लागतं. अम्मींनी पहिल्या पायरीवर हात ठेवला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम जाव, मैं यहाँ बैठती." अकरा वर्षांपूर्वी त्या आमच्या आधी वर पोचल्या असत्या. गुडघे गेल्या चार वर्षांतच गेले.

मुलं वर गेली. आम्ही अम्मींजवळ थांबलो. त्यांनी कबरीपाशी फातिहा पढली. तेवढ्यात वरून धाकट्याची हाक आली, "दादीऽऽ", आणि ती एकदा नाही, पुन्हा पुन्हा उमटत राहिली. अम्मींनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या की काय, आम्ही विचारलं नाही.

दुपारी इब्राहिम रोजा. घाई असेल तर बाकीचं सोडा, हा सोडू नका. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद. पायऱ्या मोजक्याच, दोघांनी धरून अम्मींना वर नेलं. इथे खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अरबी अक्षरंच. अक्षरांमधून उजेड आत येतो. अम्मी एका खिडकीसमोर बसल्या आणि बोट फिरवत एकेक हरफ जुळवू लागल्या. मलिक-ए-मैदान तोफ बघायला मुलं अधीर झाली होती, तरी कुणी त्यांना उठवलं नाही. तोफ शेवटी पाच मिनिटांत आटपली.

परतीच्या वाटेवर अम्मींनी धाकट्याला जवळ बसवून घेतलं. "वर काय काय दिसलं, नीट सांग." तो होटगीपर्यंत सांगत होता. मध्येच कागद चुरगळल्याचा आवाज पलीकडे कसा ऐकू आला, तेही त्याने करून दाखवलं.

घरी चहा घेताना अम्मी कॅलेंडरकडे बघत होत्या.

"गुलबर्ग्याला," त्या म्हणाल्या, "बंदानवाजांच्या दर्ग्यात पायऱ्या किती असतील?"